चेरी पायसाठी गेलो आणि बुडालेलं जहाज घेऊन आलो

शिकागोहून विस्कॉन्सिन राज्यातली डोअर काउंटी म्हणजे साधारण पाच तासांचं ड्रायव्हिंग, सप्टेंबरचा लाँग वीकेंड, आणि प्लॅन एकदम साधा, चेरी पाय, म्हणजे चेऱ्या भरून भाजलेली पेस्ट्री, खायचा आणि एखादं लाइटहाऊस बघायचं. (आईला फोनवर सांगितलं पाय खाल्ला, तर म्हणाली "कुणाचा रे?")

आमचं लाइटहाऊस होतं काना आयलंडवर, आणि ते नावालाच बेट आहे. लेक मिशिगनचं पाणी उतरलेलं असेल तर दगडांच्या बांधावरून चालत जायचं, चढलेलं असेल तर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसायचं. आम्ही गेलो तेव्हा बांधावर घोट्याच्या वर पाणी, त्यामुळे गावाकडे लग्नाला चालल्यासारखे सगळे ट्रॉलीत, हिंदकळत. 1869 सालचा 89 फुटी मनोरा, आतून विटांचा, पण लाटावाऱ्याने विटा झिजायला लागल्या म्हणून 1902 मध्ये वरून पोलादी पत्रे ठोकले. जिना चढून वर पोचेपर्यंत माझी पार वाट लागली.

वर एक स्वयंसेवक आजोबा उभे होते, त्यांनी नुसतं समोर बोट दाखवलं, तिकडे दोनेक मैलांवर फ्रँक ओकॉनर आहे म्हणे. मला वाटलं कुणी माणूस असेल! निघालं जहाज, तेही लाकडी आणि 301 फूट लांब. माझ्या डोक्यात लाकडी बोट म्हणजे कोकणातलं गलबत, तीनशे फूट लाकूड पाण्यावर न मोडता राहील कसं हेच कळेना, कारण एवढं लांब लाकूड लाटांवर मधून वर उचललं जातं आणि दोन्ही टोकं खाली लोंबतात. पण जेम्स डेव्हिडसन नावाच्या जहाज बांधणाऱ्याने मिशिगनमधल्या वेस्ट बे सिटीत लाकडी सांगाड्याला पोलादी पट्ट्यांनी आवळून हे जमवलं. 1892 चं जहाज, तेव्हा नाव सिटी ऑफ नेपल्स, नंतर बदललं. आत ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन, म्हणजे एकच वाफ तीन सिलिंडरमधून फिरवायची. आपल्याकडे चहाचा तोच चोथा पुन्हा पुन्हा उकळतात ना तसं, दर वेळी दाब कमी होतो, म्हणून पुढचा सिलिंडर आधीच्यापेक्षा मोठा. मेकॅनिकलवाला असल्यामुळे मी इथेच अडकलो, बायको खाली जाऊन बसली पण.

तर 2 ऑक्टोबर 1919, बफलोहून मिलवॉकीला 3,000 टन कोळसा चालला होता आणि जहाजाच्या पुढच्या भागात आग लागली. सत्तावीस वर्षांचं सुकं लाकूड आणि पोटात कोळसा, आता बोला! खलाशांनी पाणी मारून बघितलं, जमेना. मग कॅप्टन विल्यम हेजनी जहाज काना आयलंडच्या दिशेने वळवलं, उथळ पाण्यात नेऊन टेकवायचं म्हणून, पण तेवढ्यात आगीत स्टीअरिंगच निकामी झालं. किनारा दिसतोय, लाइटहाऊस दिसतंय आणि जहाज ऐकत नाही, कसं वाटलं असेल त्याला. शेवटी 21 जण बोटींत उतरले, लाइटहाऊसचे रखवालदार मदतीला धावले आणि सगळेच्या सगळे वाचले. जहाज मात्र जळत राहिलं आणि बुडालं.

आता ते पासष्टेक फूट खोल पाण्यात आहे, डायव्हिंगवाले जातात. लाकूड बरंचसं गेलंय, इंजिन अजून उभंच आहे म्हणे! तिथून एक खिळासुद्धा उचलायला कायद्याने बंदी आहे, ते बरंय, नाहीतर आपल्याकडच्या गडांवरचं कायकाय कुणाच्या दिवाणखान्यात गेलंय ते माहितीये.

उन्हाळ्यात डायव्हिंगच्या बोटी बांधायला तिथे बोया, म्हणजे नांगरलेले तरंगते पिंप, सोडतात असंही आजोबा म्हणाले, म्हणून मी दहा मिनिटं डोळे बारीक करून बघत बसलो. एक पांढरा ठिपका सापडला, फोटो काढला, झूम केला, खाली जाऊन बायकोला दाखवला. ती म्हणाली, "सीगल आहे." परत वर बघितलं तर उडाला होता.