पोरं फुटबॉल खेळतात, तेव्हा आईवडिलांनी काय करायचं?

सांगली-मिरजेकडं उन्हाळ्यात मैदानं दगडासारखी टणक होतात. तिथं लांब स्टडचे (तळाला खुंट असलेले) बूट घातले की टाचा आणि गुडघे दुखायला लागतात. आखूड, भरपूर रबरी स्टडचेच घ्या. 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून दोन नंबर मोठे तर अजिबात नकोत. पाय आत सरकतो, फोड येतात, चेंडूवरचा ताबा जातो. खेळायचे मोजे घालूनच माप बघा, अंगठ्यापुढं अर्धं बोट जागा पुरे.

८ वर्षांच्या आत ३ नंबरचा चेंडू, १२ पर्यंत ४, पुढं ५.

सरावाच्या दोन तास आधी पोळी-भाजी, अर्धा तास आधी केळं. पाणी दर १५-२० मिनिटांनी, चार-चार घोट.

खरा घोळ मैदानाच्या रेषेबाहेर होतो. पोरगी मान वर करून पास कुणाला द्यायचा ते शोधत असते, तेवढ्यात 'अगं, मार की!' ऐकू येतं आणि ती चेंडू कुठंतरी भिरकावते. निर्णय तुम्ही घेतलात, तिचं शिकायचं राहिलं. टाळ्या वाजवा, सूचना प्रशिक्षकांना देऊ द्या. हरलेल्या सामन्याची चिरफाड गाडीवर घरी येताना तर नकोच. "भूक लागली का गं?" एवढंच विचारा. बोलायचं असेल तर ती आपणहून बोलेल.