वापसा

परभणीत मी बी.ए.च्या मुलांना अनुवाद शिकवते. पहिली काही वर्षं उतारा द्यायचे, वह्या गोळा करायचे, लाल पेनाने चुका काढायचे. पुढच्या उताऱ्यात तीच लेकरं त्याच चुका करायची. चूक कागदावर दिसायची. ती झाली कुठे, हे मला दिसतच नव्हतं.

मग एका पावसाळ्यात म्हटलं, लिहू नका, डोक्यात येईल ते मोठ्याने बोला. शेतकऱ्यांसाठीचा पेरणीवरचा इंग्रजी उतारा होता. त्यात ‘फील्ड कपॅसिटी’ आलं. एक मुलगा घडाघडा बोलत गेला, "फील्ड म्हणजे क्षेत्र, कपॅसिटी म्हणजे क्षमता. क्षेत्रक्षमता." झालं, गेला पुढे. मानवतकडची एक मुलगी मात्र अडली. "पण जमिनीला झालंय काय इथं? पाऊस पडून गेला, जास्तीचं पाणी निथळलं, ओल राहिली, हवाबी खेळायली..." गप्प झाली. आणि एकदम, "मॅडम, हा तर वापसा की!"

क्षेत्रक्षमता पाठ्यपुस्तकात ठीक आहे. पण वापसा नसताना काळ्या रानात वखराची पाळी घातली की ढेकळं निघतात, हे त्या मुलालाही ठाऊक होतं. त्याच्याच घरी शेती. शब्द त्याच्याकडे होता, पण तो मुलगा मनाने शेतापर्यंत गेलाच नाही.

जर्मनीत अनुवादाचे अभ्यासक हान्स क्रिंग्स यांनी अनुवाद करणाऱ्यांना असंच बोलतं करून १९८६ साली त्यावर पुस्तक काढलं. १९९५ मध्ये कोपनहेगनला ट्रान्सलॉग हे सॉफ्टवेअर तयार झालं. टाइप करताना दाबलेली प्रत्येक कळ आणि मधला प्रत्येक थांबा ते नोंदवतं. मला तो थांबा मोलाचा वाटतो.

आता माझ्या वर्गात डाव्या पानावर अनुवाद, उजव्या पानावर कुठे अडलो, कोणता शब्द सोडून दिला, का सोडून दिला. उजव्या पानाला मी जास्त मार्क देते. विद्यापीठाच्या परीक्षेत ते पान कुणी विचारत नाही, हे सहकाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. तरी मी ते सोडणार नाही.

माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. गावकरी जमिनीचे जुने उर्दू कागद घेऊन ओसरीवर यायचे. आजोबा ओळ मनात वाचायचे, चष्मा काढायचे आणि विचारायचे, "तुमची हीर बांधाच्या कोणत्या अंगाला हाय?" उत्तर मिळालं की मगच मराठीत सांगायला लागायचे. लहानपणी मला वाटायचं, त्यांना वाचता येईना म्हणून विचारतात.