व्हॅक्यूमनंतर परत येणारा गाळ

तक्रार साधी होती. सकाळी पोहण्याचा पूल व्हॅक्यूम केला की तळ चकाचक, आणि संध्याकाळी पोरं उतरायच्या वेळेला तळावर पुन्हा राखाडी थर. बाणेरकडची सोसायटी, शेजारी बांधकाम चालू, त्यामुळे "धूळ बाहेरून येते" हे कारण सगळ्यांनी परस्पर मान्य करून टाकलं होतं. उपायही ठरलेला: तुरटी वाढवा, ब्लीचिंग पावडर वाढवा.

पूल १५ बाय ७ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे सव्वा लाख लिटर पाणी. फिल्टर वाळूचा, ९०० मिलिमीटर व्यासाचा, डोक्यावर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह: हँडल फिरवून पाणी 'फिल्टर', 'बॅकवॉश', 'रिन्स' किंवा 'वेस्ट'कडे, म्हणजे गटारात, वळवणारा.

कमिटीचा संशय पूल सांभाळणाऱ्या पोरावर होता. त्याचं काम उभं राहून पाहिलं. मेन ड्रेन (तळाची जाळी) आणि स्किमर (पृष्ठभागावरचा कचरा ओढणारं तोंड) यांचे व्हॉल्व्ह बंद. होजचं एक टोक हेडला (तळावर फिरणारा ब्रश), दुसरं रिटर्न इनलेटच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत सोडणाऱ्या नळीच्या, तोंडाशी धरलेलं, हेडमधून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मगच व्हॅक्यूम पॉइंटला जोडणी. हेड सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवत. घाई केली तर ब्रशच गाळ उडवतो. हा घाई करत नव्हता. बोट ठेवायला जागा नव्हती.

गडबड समोरच्या भिंतीला दिसली. हेड खोल भागातल्या गाळावरून फिरलं की थोड्याच वेळात उथळ बाजूच्या इनलेटमधून धुरासारखा राखाडी लोट. इनलेटच्या तोंडावर पांढरा सुती मोजा बांधून दहा मिनिटं ठेवला. या मोज्याइतकं स्वस्त निदान या धंद्यात दुसरं नाही. आत खरखरीत कण सापडले तर ती फिल्टरची वाळू, म्हणजे तळातला एखादा लॅटरल (गाळलेलं पाणी गोळा करणारी बारीक फटींची नळी) फुटलाय. इथे बोटांत चोळल्यावर नुसता गुळगुळीत चिखल. लॅटरल शाबूत, पण गाळ वाळूला चुकवून पलीकडे जातोय.

चुकवायला मुख्य वाटा दोन. पहिली मल्टिपोर्टमधली स्पायडर गॅस्केट, म्हणजे व्हॉल्व्हचे कप्पे एकमेकांपासून बंद ठेवणारं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर. हँडल 'फिल्टर'वर असूनही वेस्टच्या पाइपातून बारीक धार चालू होती, तेव्हा व्हॉल्व्ह उघडला. गॅस्केटचा एक आरा खाचेतून निघून दुमडलेला. पंप चालू असताना हँडल फिरवलं की हेच होतं, आणि "कोण पंप बंद करत बसतो" म्हणणारे प्रत्येक सोसायटीत भेटतात. गॅस्केट बदलली, धार थांबली, गाळ कमी झाला. पण मोजा अजून काळाच निघत होता.

मग दुसरी वाट, खुद्द वाळू. त्यासाठी लॉगबुक. प्रेशर (किलो दर चौरस सेंटिमीटर) ०.६, ०.६, ०.६, कित्येक महिने. सेक्रेटरींनी हे पान कौतुकाने दाखवलं: फिल्टर इतका स्वच्छ की काटा हलतच नाही! वाळूचा फिल्टर गाळ धरतो तसा काटा चढायलाच हवा. स्वच्छ असतानाच्या आकड्यावर साधारण अर्धा किलो चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. शेजारी बांधकाम असताना काटा जागचा हलत नाही, याचा अर्थ वाळू काही अडवतच नाहीये. त्यातून दर रविवारी बॅकवॉश आणि अर्ध्या मिनिटात साइट ग्लास (बाहेर जाणारं पाणी दिसावं म्हणून बसवलेली काच) नितळ. म्हणजे काचही खोटं बोलत होती: पाणी ज्या भोकातून खाली जात होतं त्याच भोकातून उलटं वर येत होतं.

फिल्टर उघडला. वर दोन बोटं जाडीचा कडक पापुद्रा, भाकरीसारखा तुटणारा. टाकीच्या कडेला मनगट आत जाईल एवढा बोगदा. खाली मुठीएवढे गोळे, फोडले तर आत चिखल आणि पांढरा चुना. बोअरचं जड पाणी, त्यात ब्लीचिंग पावडरचा न विरघळणारा चुना, वर तुरटी. पीएच आठच्या वर ठेवून तुरटी टाकली तर ती गाळाचे पुंजके नीट धरत नाही. इथे बऱ्याचदा ८.२ असायचा, तो आधी ७.२ ते ७.६ मध्ये आणायला हवा होता.

तरी एवढ्याने वाळूचा दगड व्हायला नको. बॅकवॉशने तो फुटायला हवा होता. उत्तर पंपावर सापडलं. मूळचा २ एचपीचा पंप जळला, तेव्हा वीजबिल वाचेल म्हणून १.५ एचपीचा बसवला होता. गाळण्याच्या दृष्टीने काही वावगं नाही. हळू गाळलेलं पाणी उलट चांगलं गाळलं जातं. पण बॅकवॉशला वाळू उचलली जावी लागते आणि त्याला ताशी ४० मीटरच्या आसपास वेग हवा. टाकीचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर. जुना पंप ताशी २४ घनमीटर ढकलायचा, म्हणजे वेग ३७-३८, जेमतेम. नवा १६ ढकलतो, वेग २५. वाळू जागची उठतच नव्हती.

पोराने हे आधीच सांगितलं होतं. "पहिलं बॅकवॉशला गटारात धार उडायची, आता नुसतं वाहतंय." वायरमनने त्याला वेड्यात काढलं, कमिटीने ऐकलंच नाही. प्रेशर गेजपेक्षा नेमकं निरीक्षण, पण लॉगबुकात त्याला रकाना नाही.

नव्या वाळूत घाई करू नये. मधल्या पाइपाचं तोंड प्लॅस्टिकने बांधायचं, टाकी अर्धी पाण्याने भरायची, मगच पोती रिकामी करायची. कोरडी वाळू वरून आदळली तर लॅटरल तडकतात. ०.५ ते १ मिलिमीटरची धुतलेली वाळू चारशे किलोच्या आसपास लागली, वरची मोकळी जागा राखून. पहिलं पाणी बॅकवॉशचं, काच नितळ होईपर्यंत, मग मिनिटभर रिन्स, मग फिल्टर. जळका पंप रिवाइंड करून स्टँडबायला जोडला: रोजचं गाळणं छोट्यावर, बॅकवॉश मोठ्यावर. आता काटा ०.५५ पासून चढतो आणि साइट ग्लास नितळ व्हायला चार मिनिटं लागतात.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. तुरटी टाकली की व्हॅक्यूम 'वेस्ट'वरच करायचा, फिल्टरमधून नाही. चाळीस मिनिटांत दहा हजार लिटर, म्हणजे पुलातलं चार इंच पाणी आणि एक टँकर. एप्रिलमध्ये टँकर म्हटलं की कमिटी वेस्टच्या व्हॉल्व्हला कुलूप लावते. तुरटीची वेळ येऊ नये म्हणून ब्लीचिंग पावडर सोडून टीसीसीए (चुना नसलेलं क्लोरीन) वापरा, असं लिहून दिलंय. त्याचा दर बघून कागद पुढच्या मीटिंगवर ढकलला गेला. गोळे किती चुन्याने झाले आणि किती पंपाने, हे मलाही वेगळं काढता येत नाही. पंप पुरेसा असता तर चुना पचला असता का? सहा महिन्यांनी झाकण उघडायचं ठरलंय, ब्लीचिंग पावडर तोवर तीच चालू असेल असं दिसतंय.