कोणाकडे जायचं आहे?

गेल्या श्रावणात आईला तिच्या मावसबहिणीच्या घरी नागपूरच्या जुन्या इतवारीत घेऊन गेले. आई तिकडे पंचवीसेक वर्षांनी जात होती, म्हणून मी मोबाइल गाडीच्या हँडलला लावून नकाशावर पत्ता घातला. तीन नल चौकापर्यंत काहीच अडले नाही. पुढे एका चिंचोळ्या गल्लीत शिरलो आणि नकाशावरचा निळा ठिपका एकदम शेजारच्या इमारतीवर जाऊन बसला. क्षणात परतला, पुन्हा उडाला, आणि फोनने दोन मिनिटांत तीनदा मार्ग बदलला.

याचे कारण साधे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. गल्लीत तोच संदेश समोरासमोरच्या उंच भिंतींवर आपटून थोडा उशिरा येतो, आणि तेवढ्या उशिराने आपण भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. आईला यातले काही ठाऊक नव्हते. तिने मला गाडी थांबवायला लावली आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारले. ठेलेवाल्या काकांनी पत्ता विचारलाच नाही. ते म्हणाले, "कोणाकडे जायचं आहे जी?"

हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. आईने नाव सांगितले, काकांनी घराण्याची ओळख लावली, मुलगा आता पुण्याला असतो हेही सांगितले आणि मग हाताने वळण दाखवले. त्या दोन मिनिटांत आईला रस्ता तर मिळालाच, शिवाय त्या वस्तीत ती पुन्हा कोणाची तरी झाली. सराफा ओळी, लोहा ओळी ही नावेसुद्धा तिथे कोण काय विकत बसते यावरून पडलेली आहेत. म्हणजे जागा आणि माणसे तिथे मुळातच वेगळी काढता येत नाहीत. फोनला मात्र मी कोणाकडे निघाले आहे याच्याशी कर्तव्य नसते, त्याला फक्त मी कुठे पोहोचायचे ते हवे असते.

तरीही फोनला दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. रात्री दहा वाजता मनीषनगरच्या नव्या वस्तीत एखादे घर शोधताना मी एकटी आहे आणि कोणाकडे चालले आहे, हे परक्या माणसाला सांगावे लागत नाही, ही मोकळीक माझ्या आईच्या वाट्याला कधीच आली नव्हती.

खटकते ते दुसरेच. झिरो माइलच्या खांबावर दूरदूरच्या गावांची नावे आणि मैल कोरलेले आहेत. तो खांब जागचा हलत नाही, आपण त्याच्यापासून किती लांब आहोत ते आपण पाहायचे. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने हा देश मोजला, ते सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन मोजणीच्या कामात असतानाच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, जागा समजून घेण्याची किंमत इतकी होती. फोनच्या नकाशात मी हलत नाही, माझ्याभोवती नागपूरच गरगर फिरते. मी जिकडे वळेन ती दिशा वर. अशाने मी एकाच रस्त्याने वर्षभर जाते आणि तो रस्ता शहरात कुठे बसतो, हे मला सांगता येत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला होता, आणि धंद्यात जितकी अधिक वर्षे, तितका तो अधिक. त्यांनी हजारो रस्ते पाठ केलेले असतात, तेव्हा जागा डोक्यात साठवणे हेही अंगमेहनतीसारखेच काम असले पाहिजे, असे मला वाटते.

म्हणून मी नकाशाच्या सेटिंगमध्ये उत्तर दिशा कायम वर ठेवली. पहिले आठ दिवस फार त्रास झाला, दक्षिणेकडे जाताना डावे-उजवे उलटे पडायचे. पण शहर स्थिर झाले. अंबाझरी तलाव पश्चिमेला, तिकडून निघालेली नाग नदी गावातून पूर्वेकडे चाललेली, आणि मध्ये सीताबर्डीची टेकडी. परवा आईला घेऊन पुन्हा इतवारीकडे निघाले, तेव्हा फोन पर्समध्ये होता. वाटेत नाग नदीवरच्या पुलावर मी गाडी थांबवून पाणी कुठे वाहते ते पाहिले आणि पूर्व कोणती ते ओळखले. आई मागून म्हणाली, "चल, त्या काकांकडून पान घेऊ."