६१ दिवसांची वही: मधल्या किमतीचा फोन, कुलंटचे हात आणि शिनोळीचा टॉवर

फोनचं नाव लिहीत नाही. मागच्या खेपेला लिहिलं होतं, तर निम्मे लोक वाचायच्या आधीच भांडायला उठले. शिवाय या वेळी तक्रारी बऱ्याच आहेत. एवढं सांगतो: २४ हजारांच्या आतला, ६.७ इंची अमोलेड, ५,५०० एमएएचची बॅटरी, ८ जीबी रॅम, आयपी ६४. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बेळगावच्या खडे बाजारात घेतला आणि अनंत चतुर्दशीला वही मिटली. रोज रात्री चार आकडे मांडायचे: सकाळची बॅटरी, रात्रीची बॅटरी, स्क्रीन किती तास चालली, आणि दिवसभरात फोनला किती शिव्या घातल्या. चौथ्या आकड्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास.

दिवस १. फोन मराठीत लावला. हे मी हट्टानं करतो, शेडमधली पोरं हसतात. अँड्रॉइडचा मूळ भाग मराठीत नीट येतो. कंपनीनं वरून घातलेली ॲप मात्र अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी, आणि एका कोपऱ्यात चक्क हिंदी. एका खिडकीवर 'बंद करा'च्या जागी नुसतं 'जवळ' लिहिलंय. क्लोजचं भाषांतर! नऊ आठवडे झाले, अजून 'जवळ'च आहे.

दिवस २ ते ८. उद्यमबागेत आमचं टर्निंगचं, म्हणजे धातू फिरवत कातायचं छोटं शेड आहे. दोन लेथ, एक सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेले तुकडे येतात, आम्ही हायड्रॉलिकवाल्यांना बुश आणि फ्लँज असे सुटे भाग करून देतो. म्हणजे दिवसातले नऊ तास माझी बोटं कुलंटनं (कातताना धातूवर सोडतात ते तेलपाणी) तेलकट. या फोनचा स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट ऑप्टिकल आहे: स्क्रीन बोटावर उजेड टाकते आणि खालचा सेन्सर बोटाचा फोटो काढतो. रेषांमध्ये तेल भरलं की त्याला दिसणार काय? वीस वेळा बोट लावलं, सात वेळा उघडला. हात धुऊन आलो की वीसपैकी वीस. उपाय म्हणून डाव्या हाताची करंगळी नोंदवली, कारण लेथवर तिला काही काम नसतं. तेव्हापासून शिव्यांचा आकडा निम्म्यावर आला.

दिवस ९. पलीकडच्याचा आवाज एकदम बसका यायला लागला, घसा बसल्यासारखा. मला वाटलं नेटवर्क. टॉर्चच्या उजेडात फोन धरून बघितलं तर खालच्या स्पीकरच्या जाळीवर काळी मिशी उगवलेली. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा चुरा! स्पीकरमध्ये चुंबक असतं, आणि आमच्या टेबलावर बिडाची पावडर तर कायमच. फोन ठेवला की ती जाऊन चिकटते. आयपी ६४ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि ती गेलीही नव्हती. पण जाळीच्या बाहेर बसली तरी आवाज कोंडतोच. शेडवाल्यांना कळकळीनं सांगतो, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, चुरा जाळीत घट्ट बसेल. साधी चिकटपट्टी दाबायची आणि उचलायची. आठ-दहा वेळा केलं की आवाज मोकळा. आता फोन शर्टाच्या वरच्या खिशात आणि दर शनिवारी चिकटपट्टी.

दिवस १२ ते १४. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण फोनच्या परीक्षणात हे कोणी लिहीत नाही. परीक्षण करणारे सीमेवर राहत नाहीत ना.

बायकोचं माहेर चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या थोडं पुढं. रोप लावणी चालू होती म्हणून तीन दिवस गेलो. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची. बाची संपलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. रस्ता तोच, पाऊस तोच, शेतातलं बोलणंही तेच. फोनला मात्र कळतं. दूरसंचारच्या हिशेबात कर्नाटक एक सर्कल (विभाग), आणि महाराष्ट्र-गोवा दुसरं. शिनोळीची कमान दिसायच्या आत वर छोटा 'आर' उगवला आणि नेट बंद. डेटा रोमिंग सुरू केल्यावर आलं. देशातल्या देशात जादा पैसे लागत नाहीत, पण फोन विकत घेताना ते बटण बंदच असतं. मागच्या वर्षी याच बटणापायी मी मेहुण्याच्या दारात उभं राहून सिमकार्ड तीनदा काढून घातलं होतं.

खरी गंमत बॅटरीत. पहिल्या दिवशी सकाळी १०० टक्के होती. फोन खिशात, मी चिखलात, हात लावायची सोय नाही. दुपारी जेवायला बसलो तर ६९. स्क्रीन चालली होती सगळी ११ मिनिटं! घरी बेळगावात एवढ्या वेळात चार-पाच टक्के जातात.

जेवून पडवीत बसलो आणि डायलवर *#*#४६३६#*#* दाबलं. हा चाचणीचा मेनू बहुतेक अँड्रॉइडवर उघडतो. सिग्नल तिथं काड्यांत न दाखवता डीबीएममध्ये दाखवतात: उणे ८५ म्हणजे छान, उणे ११५ च्या पलीकडं म्हणजे धाप लागलेला. माझा फोन उणे ११८ वर कर्नाटकातल्या टॉवरला लोंबकळत होता, आणि शेजारी महाराष्ट्रातला टॉवर ठणठणीत उभा. कारण असं की भारताचे नेटवर्क कोड ४०४ आणि ४०५ नं सुरू होतात, पुढचा आकडा सर्कलनुसार बदलतो, आणि सिमवर घरचं सर्कल लिहिलेलं असतं. फोन बाहेर गेला तरी ठराविक वेळानं घरचं नेटवर्क शोधतो, सापडलं की कितीही अशक्त असलं तरी त्याला जाऊन चिकटतो. मग ते सुटतं, मग पुन्हा शोध. सिग्नल अशक्त असला की फोनला जास्त ताकदीनं ओरडावं लागतं, आणि ती ताकद येते बॅटरीतून.

नेटवर्कची निवड आपोआपवरून काढून हातानं महाराष्ट्राचं लावलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वेळात ६ टक्के गेले. परत येताना आपोआपवर ठेवायला विसरलो, आणि हिंडलग्यापर्यंत फोन मुका. तो माझा दोष, फोनचा नाही.

मेहुण्यानं हे सगळं बघितलं आणि विचारलं, "दाजी, घेऊ काय मी पण हाच?" म्हटलं थांब, अजून सहा-सात आठवडे वही चालू दे.

दिवस २० च्या आसपास व्हॉइस टायपिंगवर बसलो. मराठी, कन्नड दोन्ही फोनला २०१७ पासून बोलून लिहिता येतं, म्हणजे हे काही नवं नाही. पण कुठली मराठी? मी म्हटलं, "उद्या येऊलोय, माल तयार ठेव की." त्यानं लिहिलं, "उद्या येऊ लॉय माल तयार ठेव का". ग्राहकाला वाटलं मी विचारतोय! बातम्या वाचणाऱ्यासारखं "उद्या सकाळी मी येत आहे, माल तयार ठेवा" म्हटलं की एकही चूक नाही. म्हणून आता फोनशी बोलताना मी पुण्याचा होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "अहो, कोण आलंय?"

आमचा सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. त्याच्याशी बोलताना एका वाक्यात तीन भाषा: "जॉब इवत्त मुगस्री (आज संपवा), संध्याकाळी गाडी येऊलीय." इथं कुठलाच फोन टिकत नाही, हाही नाही टिकला. टाइप करताना मात्र मजा आहे. कीबोर्डला मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लावल्या आणि स्पेसबार दाबून धरला की बदलता येतात. मराठीत आणखी एक तपासून बघतो: 'दुसऱ्या'. जुना फोन रफार डोक्यावर चढवून 'दुसर्या' करायचा. यातल्या 'ऱ'ला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या यादीत, वेगळं अक्षर आहे, आणि हा कीबोर्ड ते स्वतःहून सुचवतो. दहापैकी नऊ वेळा. दहाव्या वेळेला 'दुसर्यांदा', आणि माझं डोकं फिरतं.

दिवस २६. आईच्या नावावरच्या शेताचा उतारा काढला. उतारा कन्नडमध्ये. मला कन्नड बोलायला अडचण नाही, वाचताना मात्र बोट ठेवून वाचावं लागतं. कॅमेरा कागदावर धरला, भाषांतर मराठी. एकर-गुंठे बरोबर आले, नावं जवळपास बरोबर आली. लागवडीखाली न येणारी जमीन म्हणजे पोट खराब, तिथं फोननं लिहिलं, "फोटो खराब". आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "परत काढ की मग." सांगायचं एवढंच, नोटिशीचा अंदाज घ्यायला हे चालतं, सही करायच्या कागदावर माणसाकडूनच वाचून घ्या. आणि उतारा पांढऱ्या उजेडात धरा. पिवळ्या दिव्याखाली कन्नडची वळणं एकमेकांत मिसळतात आणि फोन काहीही बरळतो.

दिवस ३१. कॅमेऱ्याबद्दल सगळे सूर्यास्त दाखवतात. मी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन दाखवतो. रोज दहा-बारा मापांचे फोटो ग्राहकाला जातात. यातला २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' कॅमेरा शोभेचा आहे, त्यापेक्षा मुख्य कॅमेरा दोनपट झूमवर धरून वीतभर लांबून काढलेला फोटो दसपट स्वच्छ. पण झूम फार वाढवला की फोन अंदाजानं रेघा ओढतो. भिंतीवरच्या ड्रॉइंगचा फोटो मी बसल्या जागेवरून काढला, २० पट. ४८ चं माप ४६ दिसलं. अगदी ठळक, काळंभोर ४६! सेटर म्हणाला, "सर, नीवे बंदु नोड्री (तुम्हीच येऊन बघा)," म्हणून उठून गेलो, नाहीतर आठ बुश भंगारात होते. अस्पष्ट फोटो परवडला, माणूस निदान शंका घेतो. आणि फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आकडे चुरगळत नाहीत.

शेडमधल्या एलईडीखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ केलं की पट्टे जातात. ते कायम तिथंच राहिलं असतं तर बरं झालं असतं. दिवस ४४ च्या अपडेटनं ते पुन्हा आपोआपवर टाकलं, आणि तीन दिवस फोन गरमही राहिला. चौथ्या दिवशी आपोआप निवळला. कारण कळलं नाही.

दिवस ३६. माल घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला. जांबोटीच्या पुढं काड्या गळायला लागल्या, कणकुंबीच्या अलीकडं शून्य. नकाशा आधीच उतरवून घेतला होता, जीपीएसला नेटवर्क लागत नाही, त्यामुळं निळा ठिपका इमानदारीनं चालत राहिला. फोन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा ठिपका सापडायला मिनिटभर लागलं. नेट असलं की उपग्रहांची माहिती तिथून लगेच मिळते, नसलं की आकाशातून हळूहळू उतरवावी लागते. कणकुंबीच्या पावसात उतरून फोटो काढले. आयपी ६४ मधला ४ म्हणजे फक्त शिंतोडे, बुडवणं नव्हे. फोनला काही झालं नाही, पण रात्री चार्जर लावला तर "पोर्टमध्ये ओलावा आहे" म्हणून हटून बसला. बरोबरच आहे त्याचं. पंख्याखाली दोन तास ठेवला.

बॅटरीचा एकूण हिशेब: बेळगावात वायफाय आणि ५जी मिळून स्क्रीन सरासरी साडेसात तास. रोज ८० टक्क्यांवर चार्ज थांबवतो, फक्त रविवारी पूर्ण, कारण दुरुस्तीसाठी लाईट जायची शक्यता असते.

दिवस ५९ ते ६१. विसर्जन. पोराला घेऊन कपिलेश्वर तलावाकडं निघालो ते रात्री. वर ५जीच्या काड्या पूर्ण, आणि एक फोटो जायला तयार नाही. काड्या टॉवरचा आवाज किती मोठा ते सांगतात, टॉवरपुढं किती माणसं ओरडतायत ते नाही. ४जीवर उतरलो तर गेला. रात्रीचे फोटो छान, मूर्तीवरची सोनेरी झाक पिवळी न होता आली, एवढ्यासाठी या फोनला दोन गुण जास्त. आवाजात मात्र नापास. ढोल पथक दहा फुटांवर आलं की माईक फाटतो, नुसती फडफड ऐकू येते. माईकवर बोट धरून बघितलं, थोडं सुधारतं, पण ताशा पार मरतो. शेवटी पन्नास पावलं मागं जाऊन काढला तेव्हा कुठं ऐकण्यासारखं झालं. पहाटे साडेचारला ९ टक्के शिल्लक होते, पोरगा खांद्यावर झोपलेला.

सकाळी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, वही संपली काय? घेऊ काय मग?"

म्हटलं, तू शिनोळीकडं राहतोस, सिम महाराष्ट्राचं घे, नाहीतर कुठलाही फोन घेतलास तरी दुपारपर्यंत निम्मा. आणि तुझ्याकडं बिडाचा चुरा नाही, ही तुझी जमेची बाजू.

"म्हणजे घेऊ?"

"घे की. पण कव्हर मी सांगतो तेच घे."