आमची वाटचाल: वहीतले नंबर

फॅक्सच्या काळात नोकरी सोडून मी ही जनसंपर्क संस्था काढली, तेव्हा भांडवल म्हणजे एक टेबल, एक फोन आणि वार्ताहरांच्या नंबरांची वही. ग्राहकांचा रोजचा प्रश्न एकच असायचा, "बातमी लागली का?" सकाळी कात्रणं काढायची, फूटपट्टीने कॉलम-सेंटीमीटर मोजायचे, जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि आकडा महिन्याच्या अहवालात लिहायचा. बातमी वाचून कुणाचं मत बदललं का, हे त्यात कुठेच नसे. २०१० मध्ये जनसंपर्काच्या मोजमापासाठी ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी हा आकडा म्हणजे जनसंपर्काचं मोल नव्हे असं सांगितलं, तेव्हा आम्ही ती मोजणी थांबवली. दोन ग्राहक सोडून गेले.

पण आमची संस्था घडली ती त्याच्या कितीतरी आधी, एका चुकीतून. एका ग्राहकाच्या कारखान्याला आग लागली. व्यवस्थापक रात्री फोनवर म्हणाले, कुणालाही इजा नाही. मी तेच प्रसिद्धीपत्रकात लिहून सगळीकडे पाठवलं. सकाळी एका वार्ताहराचा फोन आला, रुग्णालयातून. दोन कामगार भाजले होते. तो चिडला नाही. "पत्रक तुमचं होतं, म्हणून मी विचारपूस न करता लावलं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी मी स्वतःच्या नावाने दुरुस्ती लिहिली आणि एकेका कचेरीत जाऊन हातात दिली.

आधुनिक जनसंपर्काचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, अमेरिकेचे आयव्ही ली यांचं नाव आमच्या धंद्यात सगळे घेतात. १९०६ मध्ये तिथल्या अटलांटिक सिटीजवळ आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली, तेव्हा त्यांनी रेल्वे कंपनीला माहिती लपवू न देता निवेदन काढायला लावलं. मला त्यांचं महत्त्व त्या आगीनंतर समजलं. तेव्हापासून आमचा नियम आहे: आपला माणूस जागेवर जाऊन आल्याशिवाय पत्रक निघणार नाही. यापायी आम्ही कामं गमावली, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

साठीनंतर संस्था एका जुन्या सहकारी बाईंच्या हाती दिली. कागदपत्रं आठवड्यात झाली. वहीचं मात्र तसं नव्हतं. नंबर देता येतात, पण पलीकडच्या माणसाचा विश्वास नव्याने जोडावा लागतो. वर्षभर मी त्यांच्यासोबत हिंडलो, ओळख करून द्यायचो आणि गप्प बसायचो. गप्प बसणं जड गेलं. आता मी विद्यार्थ्यांना पत्रक लिहायला शिकवतो. संस्थेचे मसुदे विचारल्याशिवाय वाचत नाही.

मध्यंतरी रात्री त्यांचा फोन आला. पुन्हा आग, वेगळा ग्राहक. "सर, इजा नाही म्हणतायत. पत्रक थांबवलंय, मी तिकडेच निघालेय." पहाटे त्यांनी पत्रक मलाही पाठवलं. चारच ओळी होत्या. तिसरी अशी: "तीन कामगारांवर उपचार सुरू आहेत; आणखी कुणी जखमी आहे का, याची माहिती अद्याप मिळालेली नाही."