आमची वाटचाल : बावन्न काठवटी आणि एक भागीदार

आमचा पहिला लेथ, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, मी आणि माझ्या भागीदाराने अर्धे-अर्धे पैसे घालून घेतला. त्याचा बेड, म्हणजे खालचा पाया, ओतीव लोखंडाचा. वीस इंची ओला ओंडका फेसप्लेटवर, म्हणजे फिरत्या तबकडीवर, चढवला तरी लेथ जागचा हलत नाही. हलक्या लेथवर मोठी काठवट कातायच्या भानगडीत पडू नका. आणि ओंडका पुरता गोल होईपर्यंत मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, समोरून टेकू देणारा टेलस्टॉकही काढू नका. तोंडावर जाळी नको, पूर्ण मुखवटा हवा. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

माझी खोल खाचेची पटाशी धार लावून लावून निम्मी उरली आहे. तिच्या धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकवायचा, मग मूठ हळूच उचलायची. ओल्या लाकडाची लांबच लांब सालपटं खांद्यावरून मागे उडतात, अंग भिजतं. त्या आवाजासाठी मी या धंद्यात आहे.

तिसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याने बावन्न काठवटींची मागणी दिली आणि मुदत घातली चार महिन्यांची. ओली काठवट आधी जाड कातून ठेवतात. व्यासाचा दहावा भाग जाडी, म्हणजे वीस इंचांना दोन इंच. मग कडेला जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात तिथे मेण लावून सावलीत महिनोन् महिने वाळू द्यायची. ती लंबगोल होते, कारण वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड, गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट आकसतं. वाकडी झाली की पुन्हा कातायची. भागीदार म्हणाला, एवढा वेळ कुणाला आहे? त्याने मेण वाचवलं, पंखे लावले आणि लाकूड वाया जाऊ नये म्हणून काही ओंडक्यांचा गाभाही, तडा जिथून सुटतो तोच, तसाच ठेवला. मी ‘नको’ म्हणालो, पण हळू म्हणालो. रात्री बंद खोलीतून टक्-टक् आवाज यायचे. बावन्नांपैकी एक्केचाळीस तडकल्या.

व्यापारी गेला. भागीदार लाकूड पकडायचे नवे चक आणि धार लावायचा ग्राइंडर घेऊन गेला, देणी मात्र माझ्याकडे राहिली. आता तो नमुन्यावरून आपोआप कातणाऱ्या यंत्रावर माल काढतो आणि ‘हातकाम’ म्हणून विकतो.

त्या वर्षी एका बाईंनी आगाऊ पैसे दिले होते. परत देतो म्हटलं, तर म्हणाल्या, वाळू दे, मी थांबते. अकरा महिने थांबल्या. पुढे धंदा सावरला, दुसरा लेथ आला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या मात्र दर दोन वर्षांनी आपली काठवट तेल लावून घ्यायला आणतात.

गेल्या खेपेला त्यांच्या पिशवीत दुसरीही होती, भेट मिळालेली, तळातून चिरलेली. दुरुस्त होईल का, असं विचारलं. मी उलटी करून पाहिली. गाभा तसाच ठेवलेला. नाही होणार, म्हटलं, आणि तडा जिथून सुरू झाला तिथे पेन्सिलीने गोल करून दिला.